बास्केटबॉलवर पैसे लावण्याची प्राथमिक ओळख (आणि ती मी परत का घेतोय)

मंडळी, आजचं लिखाण जरा कडवट आहे. शनिवारची सकाळ आहे, चहा झालाय, बायको माहेरी गेलीय, आणि गेले तीन आठवडे डोक्यात जे घुमतंय ते एकदाचं लिहून टाकतो.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही कॉलेजचे चौघे नेहमीप्रमाणे पहाटे फडके रोडवर भेटलो. नवे कुर्ते, तीच ती गर्दी, तेच ते "अरे तू जाड झालास" वगैरे. चौघेही इंजिनिअर, चौघेही डोंबिवलीकर, आणि चौघेही कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले (मी पाच फूट सात इंच, म्हणजे बेंचवर जास्त). एनबीएचा सीझन नुकताच सुरू झाला होता. गप्पा मारता मारता एकाने विचारलं, "यावर पैसे कसे लावतात रे? तू गणितात हुशार, जरा लिहून दे ना." मी लिहून दिलं. पाच पानांची पीडीएफ, मराठीत, छान तक्ते टाकून. नाव दिलं, 'नवशिक्यांसाठी ओळख'. व्हॉट्सॅपवर टाकली, चार अंगठे आले. कॉलर टाईट!

या जानेवारीत त्या चौघांपैकी एक जण मला ठाणे स्टेशनवर भेटला. आम्ही दोघेही ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जातो, फक्त गाड्या वेगळ्या. नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर तो म्हणाला, "एक गाडी सोडूया का?" आम्ही तीन सोडल्या. कल्याण-शीळ रोडवरच्या वन बीएचकेसाठी साठवलेलं डाउन पेमेंट गेलं होतं. त्यावर बँकेचं पर्सनल लोन, त्यावर दोन अॅपवाल्यांचं लोन. सगळं मिळून आकडा अकरा लाखांच्या वर. घरी माहीत नव्हतं. आणि शेवटी तो जे म्हणाला ते मला अजून ऐकू येतं, "पण तू लिहिलं होतंस ना, बजेट ठरवलं की रिस्क नाही म्हणून."

लिहिलं होतं. पान चार.

तर आज ती ओळख मी परत करून देणार आहे. त्याच क्रमाने, पण या वेळी पूर्ण. जालावर असल्या ओळखींचा सुकाळ आहे, त्या सगळ्या एकाच साच्यातल्या असतात आणि सगळ्या एकाच ठिकाणी गप्प बसतात. माझीही तिथेच गप्प बसली होती.

पहिला धडा, भाव. बास्केटबॉलवर मुख्यतः तीन तऱ्हेने पैसे लावतात. सरळ कोण जिंकणार, हा एक. दोन्ही संघांचे मिळून गुण अमुक आकड्याच्या वर की खाली, हा दुसरा. आणि तिसरा, सगळ्यात लोकप्रिय, पॉइंट स्प्रेड. म्हणजे समजा लेकर्स −६.५. तुम्ही लेकर्सवर लावले तर नुसतं जिंकून भागत नाही, सात किंवा जास्त गुणांनी जिंकायला हवं. समोरच्या संघावर लावले तर तो हरला तरी चालेल, फक्त सहाच्या आत हरला पाहिजे. १९४० च्या दशकात हा प्रकार शिकागोच्या चार्ल्स मॅकनील नावाच्या गृहस्थांनी रुजवला असं मानतात, आणि ते आधी गणित शिकवायचे असंही सांगतात. (आमच्याच जातकुळीतले, बघा!) कल्पना भन्नाट आहे. विषम सामना कागदावर समसमान करून टाकायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक.

आता अमेरिकेत स्प्रेडचा नेहमीचा भाव −११०. म्हणजे ११० लावा, जिंकलात तर १०० मिळतील. दशांशात १.९१. इथपर्यंत प्रत्येक ओळख सांगते. पुढचं गणित मात्र एका ओळीत उरकतात, किंवा 'बुकीचं कमिशन' असं गोड नाव देऊन टाकतात. समसमान सामना म्हणजे छापा-काटा. छापा-काट्याचा खरा भाव रुपयाला रुपया. तुम्हाला मिळतात ११० ला १००. नुसतं बरोबरीत राहायला तुमचे ५२.४ टक्के अंदाज बरोबर यायला हवेत. ५० आले, ५१ आले, ५२ आले तरी तुम्ही हरताय. आणि बुकीला सामना कोण जिंकतो याच्याशी फारसं देणंघेणं नाही, दोन्ही बाजूंना सारखे पैसे आले की प्रत्येक शंभर रुपयांमागे साधारण साडेचार त्याचे.

साडेचार टक्के! एवढंच ना? मलाही तसंच वाटलं होतं. इथे आजोबांची आठवण काढतो.

आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, आणि पुढे परवडणारी खोली शोधत घर डोंबिवलीला आलं. आजोबा मटका लावायचे. रोज एक आकडा, कधी जोडी. आजी त्यांना "तुमच्या आकड्याने माझ्या पाटल्या खाल्ल्या" असं जाहीरपणे ऐकवायची. लहानपणी 'कल्याण मटका' ऐकलं की मला वाटायचं, कल्याण स्टेशनच्या बाहेर मोठ्ठं मडकं ठेवलेलं असणार. मोठा झाल्यावर कळलं की त्या नावाचा आमच्या कल्याणशी काही संबंध नाही, ते कल्याणजी भगत या कच्छहून आलेल्या माणसाचं नाव. त्याने १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला, आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने न्यू वरळी मटका. त्याआधी मुंबईत लोक कापसाच्या भावावर आकडा लावत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने ओपनिंग आणि क्लोजिंगचे भाव यायचे, त्यावर. १९६१ मध्ये तो प्रकार बंद पडला, तेव्हा धंदा बुडू नये म्हणून मडक्यातून, मग पत्त्यांतून आकडे काढायला लागले. ओपन आणि क्लोज हे शब्द कापसातले, मटक्यात राहून गेले.

म्हणजे लालबागचा गिरणी कामगार कापूसही कातायचा आणि अमेरिकेतल्या कापसाच्या भावावर पैसेही लावायचा. आणि त्याचा नातू ऐरोलीत बसून अमेरिकन क्लायंटचं कोड लिहितो आणि अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर पैसे लावतो. प्रगती म्हणायची ती हीच.

मटक्याचा हिशेब असा. शून्य ते नऊ, दहा आकडे. लागला तर साधारण रुपयाला नऊ. जोडीत शंभर शक्यता, लागली तर साधारण रुपयाला नव्वद. म्हणजे शंभरात दहा रुपये खायवाल्याचे. माझ्या पीडीएफमध्ये मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की मटक्यात दहा टक्के जातात, स्प्रेडमध्ये फक्त साडेचार, म्हणून हा 'शहाण्यांचा खेळ'. चार अंगठे त्या वाक्याला होते.

ते वाक्य खोटं नव्हतं, पण त्यात एक गुणाकार गाळला होता. आजोबांचा दिवसाला एक ओपन, एक क्लोज. मध्ये गिरणीची पाळी, जेवण, झोप, आजीची बोलणी. एनबीएच्या एका सीझनला नुसते लीगचे सामने १२३०. त्यात चालू सामन्यात लावायची सोय. हे क्वार्टर कोण जिंकणार, पुढची बास्केट कोणाची, अमक्याचे रिबाउंड किती. पाच हजार रुपये घेऊन बसलात आणि तेच पैसे जिंकत-हरत एका सकाळीत वीस वेळा फिरवलेत, तर तुम्ही पाच हजार नाही, एक लाख लावलेत. एक लाखाचे साडेचार टक्के म्हणजे साडेचार हजार. सरासरी पाहिली तर सकाळच्या पाचातले साडेचार हजार चहा व्हायच्या आत बुकीचे झाले. मटक्याच्या दहा टक्क्यांत आजोबांच्या पाच रुपयांतले पन्नास पैसे जायचे. आता सांगा, शहाणा कोण?

आणि वेळ बघा. थंडीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो, पश्चिमेकडचे उशिराचे सामने सकाळी नऊपर्यंत सुरू होतात. म्हणजे डोंबिवलीकराच्या आंघोळीपासून ऐरोलीच्या पंचिंगपर्यंत बरोब्बर बसणारं वेळापत्रक. रात्री आयपीएल, सकाळी एनबीए, मध्ये हापिस. माझा मित्र म्हणाला, लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लावायचे. दिव्याला एक, मुंब्र्याला एक, कळव्याला एक. शेजारचा माणूस कँडी क्रश खेळतोय आणि हा डाउन पेमेंट.

पार्ले हा अजून एक प्रकार. चार अंदाज एकत्र बांधायचे, चारही बरोबर आले तर घबाड. −११० चे चार सामने बांधले तर रुपयाचे साधारण सव्वातेरा मिळतात. छापा-काटा चार वेळा बरोबर यायची शक्यता सोळात एक, म्हणजे न्याय्य भाव सोळा. शंभरातले सतरा गेले! मटक्याच्या दीडपटीहून जास्त. अमेरिकेतल्या जाहिराती सगळ्यात जास्त याच प्रकाराच्या का असतात हे वेगळं सांगायला नको. माझ्या ओळखीत पार्लेला एक मुद्दा होता, 'मजेसाठी, कमी रकमेत'. मित्राचे निम्मे पैसे त्या मजेत गेले.

आता तुम्ही म्हणाल, अहो पण अभ्यास करून लावलं तर? आमच्या जमातीचा खरा रोग इथे आहे, आणि मला भांडायचंय ते याच्याशी. मटकेवाल्याला निदान माहीत असतं की तो नशिबावर खेळतोय. स्वप्नात साप दिसला म्हणून अमुक आकडा लावला, नाही लागला, विषय संपला. इंजिनिअर मात्र जुगार खेळतच नाही मुळी. तो 'मॉडेल' बनवतो, 'व्हॅल्यू' शोधतो, 'बँकरोल मॅनेज' करतो. शब्द बदलले की पापही बदलतं असं आपल्याला कॉलेजात कुठेतरी शिकवलं असावं.

मी पण बनवलं. पायथनमध्ये, चार वीकएंड घालवून. जुन्या सीझनचा डेटा घेतला, प्रत्येक संघाचे सरासरी गुण, खाल्लेले गुण, घरचं मैदान, सलग दोन दिवस सामना असला तर थकवा. जुन्या सामन्यांवर चालवून पाहिलं तर अंदाज ५८ टक्के बरोबर! मी त्या रात्री झोपलो नाही. ५२.४ लागतात, माझ्याकडे ५८ आहेत. नोकरी सोडायची तारीख तेवढी ठरवायची बाकी होती. पहिल्या महिन्यात मित्राच्या आयडीवरून पाचशे-पाचशे लावून मी चार हजार शंभर जिंकलो. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला.

डिसेंबरात एका रविवारी कोड परत वाचताना चूक दिसली. मी जे सरासरी गुण वापरले होते ते पूर्ण सीझनचे होते. म्हणजे डिसेंबरातल्या सामन्याचा अंदाज करताना माझ्या मॉडेलला एप्रिलमध्ये काय झालं हे आधीच माहीत होतं. उत्तरपत्रिका बघून पेपर सोडवला आणि बोर्डात आलो! चूक दुरुस्त करून चालवलं तर आकडा ५० च्याही किंचित खाली आला. छापा-काटाच, त्यातही जरा वाईट नाणं.

मग चार हजार शंभर कसे जिंकलो? तसेच, जसे कोणीही जिंकतो. वीस वेळा नाणं उडवलं तर तेरा किंवा जास्त वेळा बरोबर यायची शक्यता साधारण १३ टक्के. आठ जण बसले तर त्यातल्या एकाला हे होतंच, आणि तो एक ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो. बाकीचे सात गप्प असतात. खरोखर ५५ टक्केवाला आणि नशीबवान ५० टक्केवाला यांच्यात फरक करायलाच चारेकशे डाव लागतात, तेही ढोबळपणे. तेवढे खेळेपर्यंत बहुतेकांचं 'बँकरोल' अॅपवाल्याच्या वसुली एजंटकडे गेलेलं असतं.

आणि आता कबुली. ती चूक सापडल्यावर मी लावणं बंद केलं. ग्रुपवर काही लिहिलं नाही. कारण? लाज. ज्याने ५८ टक्क्यांची फुशारकी मारली त्याने 'डेटा लीक झाला होता' म्हणून कसं सांगायचं? हापिसात प्रोडक्शनमध्ये बग सापडला तर आम्ही पाच मिनिटांत मेल टाकतो, सगळ्यांना सीसी. इथे मी गुपचूप बाजूला झालो आणि तिघांना त्याच फाइलवर सोडून दिलं. त्यातले दोघे कंटाळून आपोआप थांबले. तिसरा थांबला नाही.

कौशल्याचा मुद्दा आपल्याकडे कोर्टातही खूप गाजलाय. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये म्हटलं. फँटसी स्पोर्ट्सबद्दल पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०१७ मध्ये आणि आपल्या मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये तसंच म्हटलं. मग ड्रीम११ आयपीएलचा प्रायोजक झाला, भारतीय संघाच्या छातीवर आला. तिथे क्रिकेटच्या जोडीला एनबीएही होतं. मी कायद्याचा माणूस नाही, पण साधा प्रश्न विचारतो. कौशल्य आहे हे मान्य, पण ते कोणाकडे आहे? ज्याच्याकडे आहे तो शेकडो टीम लावणारा माणूस तुमच्या ४९ रुपयांवर जगायचा, आणि त्या दोघांच्या मधून कंपनी आपला वाटा काढायची. 'कौशल्याचा खेळ' हे वाक्य नवशिक्याला दिलासा म्हणून सांगतात. त्याने ते ऐकून पळून जायला हवं. पैलवानाबरोबर कुस्ती लावली आणि वर सांगितलं की घाबरू नकोस, यात नशीब अजिबात नाही, तर तुम्ही काय कराल?

परदेशात तर खरंच कौशल्य असलेल्या गिऱ्हाइकाला बुकी ओळखतो आणि त्याची मर्यादा इतकी खाली आणतो की त्याने लावून न लावून सारखंच. म्हणजे दुकानात तुमचं हसून स्वागत होतंय याचाच अर्थ तुम्ही हरणारे आहात. हे एकाही 'नवशिक्यांसाठी' लेखाच्या पहिल्या परिच्छेदात मी वाचलेलं नाही.

बरं, समजा तुम्ही देव आहात, मॉडेल परफेक्ट आहे. मैदानावरचा माणूस प्रामाणिक आहे हे कशावरून? टिम डॉनही नावाचा एनबीएचा रेफरी २००७ मध्ये सापडला, स्वतः सामने चालवायचा आणि त्यावर पैसे आणि माहिती. २००८ मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. हा धंदा चोरून चालत होता म्हणून असं झालं, कायदेशीर करा, सगळं उजेडात येईल, असं तेव्हापासून म्हणत होते. २०१४ मध्ये लीगचे कमिशनर अॅडम सिल्व्हर यांनीच न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून कायदेशीर सट्ट्याची बाजू घेतली. मे २०१८ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने १९९२ चा बंदीचा कायदा रद्द केला, आणि एकेक राज्य दुकान उघडत गेलं.

मग आला जाँटे पोर्टर. टोरांटो रॅप्टर्सचा राखीव खेळाडू. २० मार्च २०२४ ला तो तीनेक मिनिटं खेळला आणि बरं वाटत नाही म्हणून बाहेर गेला. त्याचे गुण, रिबाउंड ठरलेल्या आकड्यांच्या खाली राहतील यावर कोणीतरी ८० हजार डॉलर लावले होते, अकरा लाख डॉलर जिंकण्यासाठी. एप्रिलमध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली, जुलैमध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. आणि त्याने हे का केलं? त्याच्यावर जुगाराचं कर्ज होतं. ते फेडायला सावकारांनी सांगितलं, सामन्यातून लवकर बाहेर पड. त्याच्या बंदीची बातमी मी २०२४ च्या एप्रिलमध्येच वाचली होती. तरी दिवाळीत पीडीएफ लिहिली, आणि त्यात हे नाव नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायामी हीटच्या टेरी रोझियरला अटक झाली. आरोप असा की २०२३ मध्ये शार्लटकडून खेळताना आपण लवकर बाहेर पडणार हे त्याने आधी मित्राला सांगितलं. त्याने आरोप नाकारलेत, कोर्ट काय ते बघेल. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. तिकडे लॉकर रूममध्ये कोणाचा पाय दुखतोय हे माहीत असलेली माणसं आहेत, आणि ती लावून झाली की भाव हलतो, आणि हललेल्या भावावर कडी धरून उभा असलेला आमचा मित्र 'व्हॅल्यू' शोधतोय. कोपर स्टेशन आलं तरी नेटवर्क येत नाही त्याच्या फोनला!

२०१९ च्या ऑक्टोबरात इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज मुंबईत खेळून गेले, वरळीला एनएससीआयच्या डोममध्ये. तिकीट आवाक्याबाहेर होतं, आम्ही चौघांनी शनिवारचा सामना माझ्या घरी टीव्हीवर बघितला. पेसर्स १३०, किंग्ज १०६. चोवीसने धुतलं. त्या दिवशी आम्हाला कोणाला स्प्रेड माहीत नव्हता, आणि शेवटच्या पाच मिनिटांत, सामना हातातून गेल्यावर उतरलेल्या राखीव पोरांनी मारलेल्या बास्केटसुद्धा आम्ही ओरडून ओरडून बघितल्या. मित्राला मी प्लॅटफॉर्मवर विचारलं, "शेवटचा सामना नुसता कधी बघितलास?" तो आठवत बसला. आठवेना.

(जाता जाता. जिथे मटका जन्मला त्याच वरळीत एनबीए आली, हा योगायोग मला तेव्हा कळला नव्हता.)

आता कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला मात्र नाही. ड्रीम११ ने त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. माझा एक उदारमतवादी मित्र म्हणतो, सज्ञान माणसाने आपल्या पैशाचं काय करायचं हे सरकारने का ठरवावं? आणि बंदीने काही बंद होतं का? १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा होताच की, तरी मटका वाढला.

त्याचं दुसरं म्हणणं अर्धं खरं आहे. आमच्या भागात कोणाला आयडी हवा असेल तर अजूनही एक व्हॉट्सॅप नंबर मिळतो, दोन मिनिटांत यूजरनेम-पासवर्ड, पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महादेवसकट बावीस अॅप आणि साइट्स बंद केल्या, त्यानंतरही नव्या नावांनी येतच राहिल्या. २०१८ मध्ये आमच्या ठाण्याच्याच खंडणीविरोधी पथकाने आयपीएलच्या सट्ट्याचं मोठं प्रकरण काढलं, एका नामांकित अभिनेत्याला जबाबासाठी ठाण्यात यावं लागलं, चॅनेलवाल्यांची आठवडाभर चंगळ झाली. पुढच्या आयपीएलला भाव चालूच होते.

पण पहिलं म्हणणं मला पटत नाही. सज्ञान माणूस, स्वातंत्र्य, मान्य. मग त्याला पूर्ण हिशेब तर सांगा! स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारे भाव समजावतात, बोनस समजावतात, 'जबाबदारीने खेळा' हे बारीक अक्षरात लिहितात, आणि वीस वेळा फिरवण्याचं गणित गिळून टाकतात. मी तेच केलं. 'बजेट ठरवा' हा सल्ला ज्याचं बजेट कोलमडणारच नाही त्यालाच उपयोगी असतो, आणि तो मुळात असली पीडीएफ वाचत नाही. शेअर बाजारातही हीच रडकथा आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओ खेळणाऱ्या साध्या गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. आमच्या डब्यात प्रत्येक जण उरलेल्या सातात आहे. विचारून बघा.

मित्राच्या घरी आता माहीत आहे. मी बरोबर गेलो होतो. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, काका उठून गॅलरीत गेले, काकूंनी मला चहा विचारला, आणि मी तो प्यायलो, कारण नाही म्हणायची हिंमत नव्हती. अॅपवाल्यांचं लोन आम्ही तिघांनी मिळून फेडलं. त्यात माझे चार हजार शंभर अर्थातच होते, आणि बरेच. बँकेचे हप्ते तो भरतोय, तीन वर्षं. आयडी बंद केलाय. सिमकार्ड बदललं, कारण जुन्या नंबरावर रोज "भाई, बोनस आला आहे" येत होतं. यायच्या त्या गाडीत आता मी त्याच्या बरोबर असतो. त्याला ते आवडत नाही हे मला दिसतं, पण असतो.

मूळ पीडीएफ मी ग्रुपवरून काढून टाकली. गेल्या सोमवारी हापिसातल्या एका ज्युनिअर पोराने मला एक फाइल दाखवली, "सर, हे मराठीत मस्त समजावलंय, खरं आहे का?" मी उघडली. तेच तक्ते, तेच लेकर्स −६.५, 'शहाण्यांचा खेळ' सकट. फक्त पार्लेतलं 'कमी रकमेत' कोणीतरी खोडलं होतं, आणि शेवटच्या पानावर माझ्या नावाच्या जागी एक टेलिग्राम चॅनल होता.